एफवायबीएस्सीचं जीवशास्त्र आणि बीए-बीकॉमच्या ओपन इलेक्टिव्हचं जीवशास्त्र: एकाच प्रयोगशाळेत दोन्ही कसं बसवायचं?

कोरडवाहू_वनस्पती

नमस्कार मंडळी. नवीन शैक्षणिक धोरणानंतर आमच्याकडे पहिल्या वर्षाला जीवशास्त्राचे दोन वर्ग झालेत. एक एफवायबीएस्सीचा: ७० विद्यार्थी, सगळे बारावी सायन्स, निम्मे तरी नीट देऊन आलेले. दुसरा ओपन इलेक्टिव्हचा: बीए आणि बीकॉम मिळून ११०. ओई दुसऱ्याच विद्याशाखेचं घ्यायचं असल्यामुळे आलेली ही मुलं, जीवशास्त्राशी शेवटची गाठ दहावीत. ओईला २ क्रेडिट, पूर्ण थिअरी, ३० तास. २० गुण अंतर्गत आणि ३० लेखी.

साधनं अशी: एक प्रयोगशाळा, एक परिचर, चालू स्थितीतले १६ सूक्ष्मदर्शक (१० आणि ४५ पटींची भिंगं, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, ऑइल इमर्शन फक्त दोघांना), एक कलरीमीटर, ०.०१ ग्रॅमचे दोन तराजू.

अभ्यास मंडळाने ओईचे घटक ढोबळ दिलेत: 'पेशी', 'आनुवंशिकता', 'आरोग्य', 'पर्यावरण'. सध्याची पद्धत म्हणजे एफवायच्याच नोट्स निम्म्या करून ओईला सांगायच्या. दोन्ही वर्गांना कंटाळा येतो, हे उघड आहे. माझे तीन प्रश्न:

१. ओईत नेमकं काय ठेवायचं आणि काय सोडायचं?
२. दोन्ही वर्गांना चालतील असे प्रयोग कोणते? ओईला लॅबचा तास नाही, वर्गातच काय ते करायचं.
३. एफवायला पेशीविभाजन दाखवायची कांद्याच्या मुळाची स्लाइड दरवर्षी फसते. पेशींचा लगदा दिसतो, गुणसूत्रं दिसत नाहीत. कुठे चुकत असेल?

पेशीपुराण

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ओई म्हणजे एफवायचा अर्धा डोस, ही कल्पनाच आधी सोडा. एफवायच्या मुलाला पुढे पाच सत्रं आहेत. आज क्रेब्ज चक्र (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्यातला एक टप्पा) अर्धवट कळलं तरी पुढे तीन वेळा भेटेल. बीकॉमच्या मुलीला जीवशास्त्र यानंतर वर्गात कधीच भेटणार नाही, भेटेल ते दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात, लग्न ठरवताना आणि निवडणुकीच्या भाषणात. म्हणून विषय कमी घ्या, पण घेतलेला विषय कारणापर्यंत न्या.

शून्यापासून सुरुवातही करू नका. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. प्रतिलेखन, भाषांतरण, उत्परिवर्तन सगळं त्यात आलंय. शब्द कानावरून गेलेले आहेत. 'पेशी म्हणजे सजीवाचं मूलभूत एकक' इथून सुरू केलंत की मागचे दोन बाक मोबाइल काढतात, आणि त्यांचं चुकत नाही.

३० तासांत मी पाच प्रश्न बसवीन. प्रत्येकी पाच-सहा तास.

एक, झाडाचं वजन येतं कुठून. व्हॅन हेल्माँटचा विलोचा प्रयोग (प्रकाशित १६४८): २०० पौंड कोरडी माती, ५ पौंडांचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड १६९ पौंडांचं झालं आणि मातीचं वजन घटलं जेमतेम २ औंस. उत्तर सांगण्याआधी वर्गाचं मत घ्या. बहुसंख्य 'माती' किंवा 'खत' म्हणतील, कारण शेतात खत टाकल्यावर पीक वाढताना त्यांनी पाहिलेलं असतं. हेल्माँट स्वतः 'पाणी' म्हणाला, तेही अपुरंच. कार्बन हवेतून येतो. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पाठ असूनही हे उत्तर न येणारी मुलं एफवायलासुद्धा निघतात, तिथेही विचारून पाहा.

दोन, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. विदर्भात, नंदुरबारकडे हा पुस्तकी आजार नाही, आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू असल्यामुळे तपासणीची कार्डं घरोघर पोचताहेत. एका आजारात सगळं येतं: डीएनएमधला एका अक्षराचा बदल, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, रक्तपेशीचा आकार, मलेरियाशी संबंध, वाहक आणि रुग्ण यांतला फरक. मुलं अडखळतात ती '२५ टक्के' या आकड्यावर. दोन्ही पालक वाहक असतील तर चार मुलांपैकी एक हमखास आजारी, असं समजतात. पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असंही. प्रत्येक जोडीला दोन नाणी द्या, छाप म्हणजे ए (निरोगी जनुक), काटा म्हणजे एस (सिकलसेलचं), एक काटा आला तर वाहक, दोन आले तर रुग्ण, आणि चार 'मुलं' काढायला सांगा. चारही मुलं निरोगी किंवा वाहक निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. ५५ जोड्यांत साधारण १७-१८ घरं आजाराविना सुटतील, तर काही घरांत दोन किंवा तीन रुग्ण दिसतील. फळ्यावर मोजणी मांडली की वेगळं सांगावं लागत नाही. सूचना एकच: वर्गात कोण वाहक आहे हे विचारायचं नाही, कुणी आपणहून सांगितलं तरी त्याला उदाहरण करायचं नाही.

तीन, तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे काय. बीकॉमची मुलं इथे एफवायपेक्षा चपळ असतात. समजा १०,००० लोक, आजार १ टक्का लोकांत. चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९५ टक्के निरोगींना निरोगी म्हणते. १०० रुग्णांपैकी ९० पॉझिटिव्ह. ९,९०० निरोगींपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ तेही पॉझिटिव्ह. एकूण ५८५ पॉझिटिव्ह, त्यात खरे रुग्ण ९०. जेमतेम १५ टक्के. आजाराचं प्रमाण १ ऐवजी २० टक्के धरून पुन्हा करायला लावा (२,००० पैकी १,८०० आणि ८,००० पैकी ४००, म्हणजे जवळपास ८२ टक्के). लक्षणं नसताना सरसकट तपासण्यांचं पॅकेज घेणं आणि डॉक्टरने लक्षणं बघून तपासणी सांगणं यांत फरक का पडतो, तो इथेच उलगडतो.

चार, सर्पदंश. पाच, प्रतिजैविकं आणि नैसर्गिक निवड. पाचव्यात एकच गैरसमज खणून काढा: 'औषधाची सवय झाल्यामुळे जंतू बदलतात.' बदल आधीच कुठल्यातरी जंतूत असतो, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्याला जागा मोकळी करतं. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये, औषधाऐवजी जिवाणूंना मारणारा विषाणू वापरून, हेच दाखवलं. ओईला त्यांचं गणित नको, निष्कर्ष आणि त्यामागचा युक्तिवाद पुरे.

सोडायचं काय: पेशीअंगकांची यादी, सूत्री विभाजनाच्या उपअवस्था, वर्गीकरणाचे संघ, जैवविविधतेचे 'प्रकार व महत्त्व' छापाचे मुद्दे.

जांभळा_रिओ

पेशीपुराण सर, बाकी मान्य, पण पेशीअंगकं आणि विभाजन सरळ कापायला माझा विरोध आहे. कर्करोगावर बोलायचं तर विभाजन लागतंच. केमोथेरपीत केस का जातात, तोंड का येतं, हे विभाजनाशिवाय सांगता येत नाही. यादी नको म्हणा, पेशीच नको म्हणू नका. आणि आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने जिवंत पेशी डोळ्यांनी बघावी, बीए असो की बीएस्सी.

आता प्रश्न २. दोन्ही वर्गांना चालणारा सगळ्यात बिनधोक प्रयोग रिओचा. कॉलेजच्या कुंड्यांत तो असतोच: वरून हिरवी, खालून जांभळी पानं. पान खालच्या बाजूला बोटाशी तिरकं मोडून ओढलं की जांभळा पापुद्रा सुटतो. ५ मिमीचा तुकडा, एक थेंब पाणी, कव्हरस्लिप, १० चा ऑब्जेक्टिव्ह. रंग रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) असल्यामुळे स्टेन, म्हणजे वरून रंग, लागत नाही. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून सुटतो. उलट बाजूने साधं पाणी ओढलं तर परत फुगतो, पण लगेच केलं तरच. मिठात १५-२० मिनिटं ठेवलेल्या पेशी बऱ्याचदा परतत नाहीत. फसतं ते दोन कारणांनी. पापुद्र्याबरोबर हिरवा गर आला तर सगळं धूसर दिसतं. आणि मीठ '५ टक्के' म्हणून चिमटीने टाकलं जातं. ५ ग्रॅम घेऊन १०० मिली करा, तराजू आहे ना.

११० मुलांना १६ सूक्ष्मदर्शक पुरत नाहीत, म्हणून ओईला दोनच सूक्ष्मदर्शक वर्गात न्या. एकाच्या आयपीसवर मोबाइलचा कॅमेरा धरा (वीसेक रुपयांच्या रबरी नळीच्या तुकड्याने अंतर नीट राहतं) आणि प्रोजेक्टरवर दाखवा. दुसरा बाकावर ठेवा, तास सुटताना रांगेने डोळा लावतील. चित्रफीत दाखवून भागवू नका, कारण प्रश्न मुलांकडून यायला हवेत: 'मीठ आत गेलं की पाणी बाहेर आलं?' हा प्रश्न वर्गातून आला की अर्धं काम झालं.

दुसरा प्रयोग बटाट्याचा. तो एकच, पण दोन वर्गांत दोन तऱ्हांनी.

एफवायला साखरेची मोलर (लिटरमागे किती मोल) द्रावणं: ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८. किराणा दुकानातली साखर चालते. ०.८ मोलरसाठी १०० मिलीला २७.४ ग्रॅम, बाकीची त्यातूनच पातळ करून. सगळ्यांत जास्त चूक इथे होते: मुलं १०० मिली पाण्यात २७.४ ग्रॅम साखर ओततात. त्याचं होतं साधारण ११७ मिली आणि तीव्रता घसरते ०.६८ वर. आधी ७० मिलीत विरघळवा, मग मोजपात्रात १०० च्या खुणेपर्यंत भरा. सालीशिवायचे, कॉर्क बोरर किंवा सुरीने कापलेले, २-३ ग्रॅमचे तुकडे. एका द्रावणात तीन. ६० ते ९० मिनिटं. बाहेर काढून टिपकागदावर प्रत्येक बाजू सारखीच टेकवायची. एक गट पिळून पुसतो आणि दुसरा ओलाच तराजूवर ठेवतो, म्हणून वर्गाचा आलेख विस्कटतो. वजनातला फरक ग्रॅममध्ये नाही, टक्क्यांत काढा, कारण तुकडे सारखे नसतात. रेषा शून्याला कापते, म्हणजे वजन वाढतही नाही आणि घटतही नाही, ती तीव्रता बहुधा ०.२५ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान येते. जुन्या, सुकलेल्या बटाट्यात ती वर सरकते, आणि का सरकते हाच पुढचा प्रश्न.

ओईला मोलर वगैरे काही नको. मिठाची ०, ०.५, १, २, ४ टक्के द्रावणं आधी करून न्या, तासाच्या सुरुवातीला तुकडे टाका, शेवटी वजन करा. शून्य साधारण १ टक्क्याच्या आसपास मिळतो. तिथून लोणच्याचं मीठ, सलाइनमधलं ०.९ टक्के, आणि समुद्राच्या पाण्याने तहान का भागत नाही, एवढं एका तासात येतं.

स्लाइडवाले_काका

प्रश्न ३. तुमच्या लक्षणांवरून तीनपैकी एक तरी नक्की: मूळ चुकीच्या जागी कापलं जातंय, हायड्रोलिसिस (गरम आम्लाने पेशी सैल करणं) होत नाहीये, किंवा कव्हरस्लिप दाबताना सरकतेय. क्रमाने सांगतो.

मुळं: कांद्याच्या तळाची जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडा, पण तळाची चकती कापू नका, नवी मुळं तिच्याच कडेने फुटतात. काचेच्या ग्लासाच्या तोंडावर कांदा असा ठेवा की तळ पाण्याला जेमतेम टेकेल; बुडला तर कुजतो. पाणी रोज बदला. दोन-तीन दिवसांत दीड-दोन सेंमी मुळं येतात. यापेक्षा लांब झाली तर विभाजनाचं प्रमाण घटतं.

फिक्सिंग (पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवणं): सकाळी, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान. टोकाकडचा १ सेंमी भाग कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल असेटिक आम्लात टाका, २४ तास. हे मिश्रण त्याच दिवशी करायचं. गेल्या आठवड्याची बाटली चालत नाही, त्यात एस्टर तयार होतो. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात ठेवलं तर महिनाभर सहज वापरता येतं. म्हणजे सगळ्या बॅचेसना पुरेल इतकं एकदाच करून ठेवा.

हायड्रोलिसिस: हीच पायरी वेळ वाचवायला उडवली जाते, आणि लगदा होण्याचं कारण बहुधा हेच. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ६० अंश, ८ ते १० मिनिटं. आम्ल पेशींना जोडणारा पेक्टिनचा थर सैल करतं. ते सुटलं नाही तर पेशी एकमेकींवर चढलेल्याच राहतात, कितीही दाबा. (१०० मिलीसाठी तीव्र आम्ल ८.३ मिली, पाण्यात आम्ल घालायचं, उलट नाही.) वॉटर बाथ मोकळा नसेल तर चहाच्या थर्मासमध्ये ६०-६२ अंशांचं पाणी भरा आणि त्यात परीक्षानळी उभी करा, दहा मिनिटं तापमान टिकतं. १५ मिनिटांवर गेलात तर गुणसूत्रं फिकी पडतात.

स्टेन: मुळं पाण्याने दोनदा धुवा, आम्ल राहिलं तर रंग नीट बसत नाही. वॉच ग्लासमध्ये असेटो-ऑर्सिन किंवा असेटोकार्माइन, १५-२० मिनिटं. दिव्यावरून हलकं फिरवा, उकळू देऊ नका.

कापणं: स्लाइडवर घेतल्यावर गडद रंगलेलं टोक दिसतं, तेवढाच दीड-दोन मिमीचा तुकडा ठेवा, बाकीचं फेकून द्या. मुलं पाच मिमी ठेवतात, त्यात चार मिमी लांबलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशी असतात. एका स्लाइडवर एकच टोक. ४५ टक्के असेटिक आम्लाचा थेंब, सुईने टोक फोडा, कव्हरस्लिप, वर घडी घातलेला टिपकागद. अंगठा सरळ खाली, एकदाच, आणि कव्हरस्लिपची कड दुसऱ्या बोटाने धरलेली. अंगठा फिरवला की पेशी गुंडाळल्या जातात.

मुळं फुटतच नसतील तर कांदा बदला. काढणीनंतर लगेचचा कांदा सुप्तावस्थेत असतो. शिवाय कोंब येऊ नये म्हणून विकिरण केलेला कांदाही बाजारात असू शकतो (लासलगावचं कृषक केंद्र त्याचसाठी आहे), आणि त्याची वर्धमान ऊतीच (वाढणाऱ्या पेशींचा भाग) बाधित असते. लसणाची पाकळी वापरा, तिथेही गुणसूत्रं १६ च, आणि एका गड्ड्यात बारा-पंधरा विद्यार्थी भागतात.

एक आग्रह: जर्नलमध्ये पुस्तकातल्या चार आकृत्या उतरवून घेऊ नका. प्रत्येकाने आपल्या स्लाइडवरच्या २०० पेशी मोजायच्या, अवस्थेनुसार तक्ता करायचा, विभाजन-निर्देशांक (एकूण पेशींपैकी विभाजन चालू असलेल्या किती) काढायचा. पेशीचक्र समजा २० तासांचं धरलं आणि २०० मध्ये १० पेशी मध्यावस्थेत निघाल्या, तर ती अवस्था सुमारे एक तासाची. स्थिर स्लाइडवरून वेळ काढता येतो, हे कळल्यावर नीटवाल्या मुलांचाही चेहरा बदलतो. मग विचारा: मध्यावस्थेत गुणसूत्रं किती आणि अर्धगुणसूत्रं किती? (१६ आणि ३२.) पश्चावस्थेत? (गुणसूत्रं ३२.) अवस्थांची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यांतले कितीतरी इथे ८ लिहितात.

कोरडवाहू_वनस्पती

काका, हायड्रोलिसिस आम्ही खरंच करत नाही, स्टेनमध्येच गरम करतो. लसूण आणि थर्मास दोन्ही करून बघतो.

अजून तीन शंका. डीएनए वेगळा काढण्याचा प्रयोग ओईला वर्गात करता येईल का? इथेनॉलचा साठा आमच्याकडे जेमतेम आहे. रक्तगट तपासणी मुलांना फार आवडते, ती ओईला ठेवावी का? आणि पेशीपुराण सर, सर्पदंशात नेमकं जीवशास्त्र कुठलं घ्यायचं? नाहीतर ते आरोग्य खात्याचं व्याख्यान होतं.

जांभळा_रिओ

डीएनए: इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि नोंदवही लागते, म्हणून ते स्लाइडसाठी राखा. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पिकलेलं अर्धं केळं किंवा हंगामात दोन स्ट्रॉबेऱ्या (लागवडीची स्ट्रॉबेरी अष्टगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे आठ संच, म्हणून डीएनए भरपूर). पिशवीत घालून कुस्करा. ९० मिली पाणी, १० मिली भांडी घासायचं लिक्विड आणि दीड ग्रॅम मीठ यांचं मिश्रण २० मिली घाला, फेस न आणता पाच मिनिटं हलवा, गाळा. परीक्षानळीत गाळून आलेला द्रव ५ मिली घेऊन फ्रीझरमध्ये थंड केलेलं अल्कोहोल ५ मिली नळीच्या कडेने सावकाश सोडा. दोन थरांच्या मधे पांढरे धागे येतात. न येण्याचं नेहमीचं कारण: ७० टक्क्यांचं सॅनिटायझर वापरणं. अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वर हवं, जेल तर नकोच. जोरात ओतलं तर थर मोडतात. वर्गात स्पिरिटचा दिवा पेटलेला नसावा.

आणि हे खरं सांगायचं: तो पांढरा पुंजका म्हणजे शुद्ध डीएनए नाही. त्यात पेक्टिन आणि प्रथिनंही आहेत. एफवायला तर पुढचा प्रश्न हाच द्या: यातला डीएनए किती हे कसं ठरवाल?

रक्तगट: ओईला नको. लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), जैववैद्यकीय कचऱ्याची वेगळी विल्हेवाट, चक्कर येणारी मुलं, आणि ११० जणांची लेखी संमती. शिवाय वर्गात कुणाचा गट घरच्यांच्या गटांशी जुळला नाही तर तो प्रसंग शिक्षकाने ओढवून घ्यायचा नसतो. नकली रक्त करा: दुधात खाण्याचा लाल रंग हे 'रक्त', एका कुपीत व्हिनेगर आणि एका कुपीत पाणी हे 'अँटी-ए' आणि 'अँटी-बी'. व्हिनेगरने दूध फुटून गाठी होतात, पाण्याने नाही. कुप्यांची अदलाबदल करून, आणि दोन्हींत व्हिनेगर किंवा दोन्हींत पाणी ठेवून, चार 'रुग्ण' तयार करा आणि कुणाला कुणाचं रक्त चालेल हे ठरवायला लावा. फक्त शेवटी सांगा की इथे आम्लाने प्रथिनं गोठली, खऱ्या चाचणीत प्रतिपिंडं पेशींना एकमेकींशी जोडतात.

पेशीपुराण

सर्पदंशात जीवशास्त्र खच्चून भरलंय, फक्त 'काय करावे, काय करू नये' या तक्त्यापाशी थांबायचं नाही.

नाग आणि मण्यार यांचं विष चेतातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर काम करतं: पापण्या जड, मग श्वासाचे स्नायू. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठवणारे घटक संपवतं. मण्यारीच्या दंशात बऱ्याचदा सूज नाही, दुखणं नाही, म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर सकाळपर्यंत कळतही नाही. एवढ्यावरून चेतासंधी आणि रक्तगोठण ही दोन्ही प्रकरणं सहज येतात.

मग २० मिनिटांची गोठण चाचणी. ग्रामीण रुग्णालयात कुठल्याही यंत्राविना होते: स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता, मग तिरकं करून बघायचं. पातळच राहिलं तर विषाने गोठण बिघडवलंय. नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाने गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकने तशी होत नाही. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचंही रक्त पातळ राहून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. साबणाने धुतलेल्या नळीचंही तसंच. वर्गात रक्त काढायचं नाही, आकृतीवरून विचारायचं: नागाच्या दंशात ही चाचणी काय दाखवेल? नॉर्मल. मग नॉर्मल आली म्हणून रुग्णाला घरी पाठवायचं का?

तिसरं, प्रतिविष. घोड्याला थोडं थोडं विष टोचून तयार झालेली प्रतिपिंडं. आपल्याकडचं प्रतिविष या चार सापांविरुद्ध एकत्र असतं. सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्ती इथे शिकवा. हे इंजेक्शन आधी घेऊन ठेवता येईल का, हा प्रश्न हमखास येतो, आणि 'नाही' का, ते सांगताना पूर्ण धडा होतो. मात्रेचा प्रश्न एफवायलाही टाका: लहान मुलाला सुरुवातीची मात्रा प्रौढाइतकीच देतात, वजनानुसार कमी करत नाहीत. का? कारण मात्रा विषाला उतारा म्हणून आहे, आणि सापाने मुलाला कमी विष टोचलेलं नसतं.

स्लाइडवाले_काका

गुणांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ११० मुलांच्या ओईला 'प्रोजेक्ट' देऊ नका, सगळे एकाच ठिकाणचं छापून आणतात. २० अंतर्गत गुणांसाठी वर्गातच १५ मिनिटांच्या एकपानी पाच कामगिऱ्या, प्रत्येकी ५ गुण, उत्तम चार धरायच्या. एक गैरहजेरी आपोआप सांभाळली जाते आणि पुनर्परीक्षेचे अर्ज कमी होतात. नमुना: नाव झाकलेला रक्ताचा रिपोर्ट आणि तीन प्रश्न, 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणणारी जाहिरात आणि 'कुणाशी तुलना केली, किती जणांवर, मोजलं काय' हे शोधणं, बटाट्याचे आकडे देऊन आलेख. आलेखाच्या दोन-तीन आवृत्त्या करा, आकडे बदलून.

एफवायला उलट: एक प्रात्यक्षिक परीक्षा निव्वळ हाताच्या कामाची ठेवा. तीनच गोष्टी. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पारदर्शक पट्टीने दृष्टिक्षेत्राचा व्यास मोजायचा, समजा १.८ मिमी आला. ४५ वर तो ०.४ मिमी, त्यात आडव्या पाच पेशी मावल्या तर एक पेशी ८० मायक्रॉन. दुसरं, पोटॅशियम परमँगनेटची क्रमिक विरलनं, प्रत्येक नळीत आधीच्या नळीतलं १ मिली द्रावण आणि ९ मिली पाणी, दर वेळी पिपेट बदलून. न बदलणाऱ्याची शेवटची नळी गुलाबी दिसते, तपासायला कलरीमीटरसुद्धा लागत नाही. तिसरं, रिओचा पापुद्रा फोकस करून दाखवणं, तेही खाली आणलेला ऑब्जेक्टिव्ह वर नेत. खाली नेत फोकस करणारा ४५ चं भिंग स्लाइडवर आपटतो, आणि दुरुस्तीचा खर्च विभागाच्या माथी.

कोरडवाहू_वनस्पती

पट्टीची युक्ती लगेच घेतो, आमच्या जुन्या आयपीसवर फील्ड नंबर (ज्यावरून दृष्टिक्षेत्राचा व्यास काढतात तो आकडा) छापलेलाच नाही. बटाटा ओईच्या तासाला ४८ मिनिटंच मिळतात. पुरतील?

जांभळा_रिओ

३ सेंमीच्या दंडगोलाला कमी पडतील. २-३ मिमी जाडीच्या चकत्या करा, पृष्ठभाग वाढल्यामुळे ३० मिनिटांत फरक तराजूवर दिसतो. चकत्या एकमेकींना चिकटू देऊ नका, दर पाच मिनिटांनी हलवा. आणि कापून आणलेला बटाटा पाण्यात बुडवून वर्गात नेऊ नका, ओल्या कापडात गुंडाळून न्या. पाण्यात ठेवलात तर तो आधीच फुगलेला असतो आणि ० टक्क्याच्या ग्लासात वजन फारसं वाढतच नाही.